मधली होडी कुठाय?

सकाळी ६:१०
होळीला तीन दिवस झाले, पण वर्सोवा कोळीवाड्याच्या भिंतींवरचा गुलाल अजून गेलेला नाही. मिस्त्री पत्र्याच्या पेटीचं कुलूप काढतात. शेड म्हणजे चार लोखंडी पाइप, वर निळी ताडपत्री आणि मागे थेट वाळू. पेटीतून एकेक वस्तू बाहेर येते. ग्राइंडर, ड्रिल, पॉलिश पेपरची गुंडाळी, दोन-दोन किलोचे डबे, डॉक्टरकडे असते तशी सिरिंज.

शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर दोन निमुळती, केळ्यासारखी वाकलेली फायबरची अंगं ठेवली आहेत. प्रत्येक साधारण साडेसोळा फूट. मधे ॲल्युमिनियमची चौकट. ही होबी सिक्स्टीन. होबी ऑल्टर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसानं १९७०च्या आसपास ही बाजारात आणली. उद्देश साधा होता. धक्का नको, जेट्टी नको, वाळूवरून ढकलली की पाण्यात. जगभर अशा एक लाखाहून जास्त विकल्या गेल्या. त्यातली ही एक फिरत फिरत मुंबईत आली आणि मग बरीच वर्षं कुणाच्या तरी अंगणात पालथी पडून होती.

मिस्त्रींचा खरा धंदा मासेमारीच्या फायबर होड्यांचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांना जेवायला उसंत नसते. मार्च त्या मानाने सुका. म्हणून हे काम घेतलं.

सकाळी ७:००
मदतनीस पोरगा येतो. डहाणूकडचा, एकोणीस-वीसचा. रोज ८००, चहा-जेवण वेगळं. मिस्त्रींचा स्वतःचा रोज १,५००.

वाळूवरून ओढून ओढून या होडीचा तळ झिजतो. हिचाही झिजला होता, मागच्या टोकाला तर बोट लावलं की दबायचं. तिथे मॅटचे तीन थर परवाच चढवलेत. आज उरलाय तो तळहाताएवढा एक तुकडा. ऊन तापायच्या आत तो लावायचा.

प्लॅस्टिकच्या मगात पावशेर रेझिन. त्यात कोबाल्टचे थेंब. मिश्रण जांभळट होतं. ते नीट ढवळून झाल्यावरच कॅटालिस्ट. पोरगा दोन्ही बाटल्या एकाच हातात धरून उभा आहे, ते पाहून मिस्त्री खेकसतात. हे दोन द्रव सरळ एकमेकांत पडले तर भडका उडतो. बाटल्या पेटीच्या दोन टोकांना ठेवायच्या, हा इथला नियम.

“थंडीत जास्त टाकतो, आता कमी. नायतर मगातच दगड होईल.”

ब्रश भराभर चालतो. मॅट पांढरी असते, रेझिन प्यायली की काचेसारखी आरपार दिसते. कुठे पांढरा ठिपका राहिला तर आत हवा. मिस्त्री तो ब्रशच्या टोकाने टोचून टोचून बाहेर काढतात. वीस मिनिटांत मगातलं उरलेलं रेझिन गरम होऊन घट्ट झालेलं असतं. ब्रश एसिटोनमध्ये बुडवतात. तीस रुपयांचा ब्रश, पण नीट धुतला तर चार कामं करतो.

सकाळी ८:२०
पूर्ण ओहोटी. पाणी लांब गेलंय. पलीकडे खाडीपार मढचा किल्ला उन्हात आलाय. फेरीबोट वर्सोव्याहून मढला माणसं आणि मोटरसायकली नेते, आणते.

मिस्त्री खिशातून पाच रुपयांचं नाणं काढतात आणि होडीच्या पाठीवर ठोकत पुढे सरकतात. टण, टण, टण. मधेच एके ठिकाणी थप. थांबतात. पुन्हा ठोकतात. थप.

या होडीची पाठ एकसंध नाही. वर फायबरचा पातळ थर, मधे फोम, खाली पुन्हा फायबर. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की फायबर फोमपासून सुटतं. वरून काही दिसत नाही, पाय पडला की मऊ लागतं. उपाय म्हणजे बारीक ड्रिलने इंच-इंच अंतरावर भोकं पाडायची, फक्त वरच्या थरापुरती, आणि सिरिंजने एपॉक्सी आत सोडायची. शेजारच्या भोकातून ती वर आली की समजायचं, भरलं. इथे साधं रेझिन चालत नाही, फोमला एपॉक्सीच धरते. आणि एकदा एपॉक्सी लावली की तिच्यावर साधं रेझिन नीट बसत नाही. म्हणून तळाला एक माल, पाठीला दुसरा.

एवढ्या मोठ्या पाठीत आता एकच थप उरलाय, उजवीकडे, पुढच्या खांबाजवळ. मिस्त्री पेन्सिलने गोल करतात.
“हा राहू दे. पाय तिथं देऊ नका, एवढंच.”

सकाळी ९:४५
साहेब रिक्षातून उतरतात. यारी रोडला राहतात. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते, आता निवृत्त. आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं आणि आता ही बिनइंजिनाची होडी. किती पैशांना घेतली ते सांगत नाहीत. बायकोला सांगितलेला आकडा वेगळा आहे, एवढं मात्र हसत सांगतात.

पिशवीत नागदेवी स्ट्रीटहून आणलेला माल आहे. पोलादी तारा, तांब्याच्या नळ्या, ३१६ नंबरचे नट-बोल्ट. दुकानदार ३०४ देत होता, जवळजवळ निम्म्या किमतीत. खाऱ्या पाण्यात ३०४ला पहिल्याच पावसाळ्यात डाग पडतात. सुकाणाचे बोल्ट, वायसर, सीलंटची एक नळी, सगळं मिळून २,१४०. साहेब बिलाची घडी पाकिटात ठेवतात. पाकीट जाड झालंय ते नोटांनी नाही.

सुकाणं दोन आहेत, प्रत्येक अंगाला एक. वाळू लागली की ती आपोआप वर उचलली जातात. त्यांचे जुने बोल्ट काढले तेव्हा भोकांतून तपकिरी पाणी आलं होतं. आता भोकं साफ करून, सीलंट भरून नवे बोल्ट पिळतात. पोरगा आतून पाना धरतो. कोपरापर्यंत हात अरुंद झरोक्यात घालायचा, अंदाजाने नट शोधायचा. निसटला की आत टण्णकन पडतो. मग सगळी होडी उभी करून हलवायची.

तो निसटतोच.

सकाळी ११:१०
दोन अंगांमधे ताणून बांधायची जाळी नवी आहे. होबीवाली जाळी परदेशातून मागवली तर कस्टमसकट केवढ्याला पडते, हे साहेबांनी एकदा विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही. मालाडच्या एका ताडपत्री शिवणाऱ्याने ती शिवून दिली. पितळी आयलेटसकट ३,८००. शिडाची फाटलेली शिवणही त्यानंच मारली. शीड मूळचंच आहे. त्यावरचे रंगीत पट्टे आता ओळखावे लागतात.

साहेब दोरीने जाळी ओवतात. मिस्त्रींचे वडील येऊन बाकड्यावर बसतात. ऐंशीच्या आसपासचे. थोडा वेळ बघतात. मग होडीभोवती एक फेरी मारतात.

“या दोनी उलांड्याच हायेत. मधली होडी कुठाय?”

सगळे हसतात, पण प्रश्न बरोबर आहे. मालवणकडे होडीला एका बाजूला उलांडी असते, ती कलंडू नये म्हणून. इथे दोन उलांड्यांवरच कारभार.

बाबा खाली बसतात. साहेबांनी ओवलेली दोरी सगळी सोडून काढतात. काही बोलत नाहीत. पुन्हा ओवतात. प्रत्येक फेऱ्याला पाय चौकटीला लावून मागे रेलतात, अंगठ्यानं दोरी दाबून धरतात, पुढचा फेरा. आयुष्यभर डोलीचं जाळं विणलेले हात. अर्ध्या तासाने जाळीवर मूठ मारली तर ती ढोलकीसारखी वाजते.

बाबांनी शीड चालवलंय. तरुणपणी. पन्नास-साठच्या दशकांत सरकारी कर्जावर होड्यांना इंजिनं बसायला लागली, मग शिडं घराच्या माळ्यावर गेली, तिथून पावसाळ्यात कौलांवर. मिस्त्रींना शीड येत नाही. त्यांनी कधी ते पाहिलंच नाही. होडी दुरुस्त करणाऱ्याला ती चालवता येत नाही आणि ज्याला येत होती त्याला कुणी विचारत नाही. साहेब मात्र विचारतात. आज वारा कधी येईल?

बाबा आकाशाकडे बघत नाहीत. समोर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघतात. अजून ते मतलईनं समुद्राकडे झुकलेत.
“दोनला फिरंल.”

भरतीचा हिशेब तर त्याहून सोपा. तिथीची पाऊणपट करायची. काल तुकाराम बीज, आज तृतीया. तीनाचे पाऊण म्हणजे सव्वादोन. साहेबांच्या मोबाइलवरचं भरतीचं कोष्टकही जवळजवळ तेच सांगतं.

दुपारी १:००
जेवण. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. साहेबांचा डबा वेगळा, पण चटणीला नाही म्हणत नाहीत.

दुपारी १:४०
डोलकाठी उभी करायची. सव्वीस फुटांच्या वर, सबंध ॲल्युमिनियमची. पुढे ऐंशीच्या दशकात कंपनीने वरचा भाग फायबरचा केला, कारण काठी विजेच्या तारेला लागून माणसं मेली होती. ही त्याआधीची. मिस्त्री शेडवरून जाणारी तार दाखवतात. आधी होडी चौघांनी उचलून तारेपलीकडे वाळूत न्यायची, मगच काठी. मोकळ्या होडीचं वजन दीडशे किलोच्या आत आहे, पण धरायला जागा नीट नाही. पोरगा “एक, दोन” म्हणतो आणि तीनच्या आधीच उचलतो.

काठीचं बूड खोबणीत बसतं. पोरगा जाळीवर उभा राहून ती खांद्यावर घेतो, मिस्त्री पुढून तार ओढतात, साहेब पिन घालतात. पिनला टोकाची वळवलेली तार घातलीय का, हे बाबा बोट लावून बघतात. मग शेजारची पिन. मग तिसरी.

दुपारी २:२५
बोंबील आता जमिनीकडे झुकलेत. वायव्येचा वारा. साहेब पोलीस चौकीला फोन करून नाव-नंबर कळवतात. मागची दोन बुचं लावलीत का, हे तीनदा विचारून होतं.

इतक्यात एक नाखवा येतो. त्याच्या होडीला पुढून तडा गेलाय, आजच बघ, भरतीत ओढून वर घेतलीय. सहा-सात हजारांचं काम. मिस्त्री हातावरचं सीलंट पुसत त्याच्यामागे निघतात.

साहेबांना दुसरं वजन लागतं. एकट्याने निघाले आणि कलंडले तर होडी सरळ करता येणार नाही, त्याला दोघांचं वजन हवं. बाबांकडे बघतात.
“मना भिजाया वेळ नाय.”
मग पोरगा. पोहता येतं का? येतं. लाइफजॅकेट त्याला मोठं होतं. पट्टा दोनदा गुंडाळतात.

दुपारी २:५०
भरती असल्याने पाणी अगदी जवळ. चार पावलं ढकलली आणि होडी तरंगली. पहिल्या लाटेत दोन्ही नाकं वर, दुसऱ्या लाटेत पोरगा पूर्ण ओला. साहेब शिडाची दोरी ओढतात. एक क्षण काहीच होत नाही. मग होडी ओढल्यासारखी सुटते. इंजिनाचा आवाज नसल्याने ती किती वेगात गेली ते ती लहान दिसायला लागल्यावरच कळतं.

नैर्ऋत्येला, सागरी सेतूच्या खांबांच्या दिशेने. वारा आडवा. वाऱ्याकडचं अंग पाण्यातून उचललं जातं. पोरगा आपणहून त्या बाजूला सरकतो, पाय पट्ट्यात अडकवून मागे रेलतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“सोड, सोड दोरी,” बाबा किनाऱ्यावरून पुटपुटतात. तिकडे ऐकू जाणं शक्य नाही. वाऱ्याखालचं नाक पाण्यात घुसतं, होडी अडखळते, मागचा भाग वर येतो. ही या होडीची खोड आहे. नाक रुतलं की ती कोलांटी मारते. शीड फडफडतं. साहेबांनी दोरी सोडलीय. नाक वर येतं.
“शिकंल,” बाबा म्हणतात आणि तंबाखू काढतात.

संध्याकाळी ४:४०
परत. जाताना पाणी दाराशी होतं, आता ओहोटी लागून शंभरेक पावलं मागे गेलंय. ओली वाळू जड. ओंडके मागून काढायचे, पुढे लावायचे, ढकलायचे. बीचवर क्रिकेट खेळणारी चार पोरं मदतीला येतात आणि वडापावचे पैसे मागतात. चार वडापाव, ८० रुपये. साहेब देतात.

संध्याकाळी ५:२०
शिडाला गोड्या पाण्याची धार. पाण्याचे दोन ड्रम विकतचे.

मिस्त्री परत आलेत, हातावर दुसऱ्याच होडीची फायबरची धूळ. होडीचं नाक उचलतात, मागची बुचं काढतात. डाव्या अंगातून कपभर पाणी. ठीक. उजव्यातून धार थांबत नाही. पोरगा बादली लावतो. अर्धी भरते.

“बोल्ट,” साहेब म्हणतात.
“बोल्ट नाय.” मिस्त्री अंग पुसून कोरडं करतात, बुचाच्या भोकाला तोंड लावून फुंकतात, पोरगा साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावत जातो. सुकाणापाशी काही नाही. पुढच्या खांबाच्या बुडाशी फुगा येतो. एक, मग दुसरा. तिथे पेन्सिलचा गोल.

“तिथं एपॉक्सी लागंल. दोन दिवस वाळवायला ठेवायचं. आणि दोन दिवस ती होडी बांधलीय मी.”
म्हणजे रविवार गेला. साहेब काही बोलत नाहीत, मोबाइलमध्ये पुढची तिथी बघतात.

संध्याकाळी ६:३०
हिशेब. मिस्त्री पोराच्या हातात ७०० ठेवतात.
“शंभर कमी हाय.”
“दोन तास फिरायला गेलतास ना?”
पोरगा साहेबांकडे बघतो. साहेब म्हणतात, तो फिरायला नव्हता आला, वजनाला आला होता. ते काम होतं. मग ते शंभर तुम्ही द्या, मिस्त्री म्हणतात. साहेब शंभरऐवजी दोनशे काढतात. मिस्त्री त्यातले शंभर मागायला हात पुढे करतात, पोरगा दोन्ही नोटा खिशात घालून ग्राइंडर पेटीत ठेवायला निघून जातो.