नंबर तोच, तार नवी

दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेला, पावतीपुस्तकावर छापलेला, नातेवाइकांना तोंडपाठ असलेला लँडलाइन नंबर सोडून द्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही. पण तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड रडतखडत चालतं, पावसाळ्यात फोन मुका होतो, आणि तेवढ्यात फायबरवाला दारात येतो. वेग भरपूर, वर लँडलाइन फुकट. मग ग्राहक विचारतो, "नंबर हाच राहील ना?" विकणारा म्हणतो, "राहील की!"

इथेच सावध व्हायला हवं.

आपली सवय मोबाइलने बिघडवली आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, आणि ३ जुलै २०१५ पासून नागपूरचा नंबर घेऊन बंगळुरूला जाऊन तिथल्या कंपनीकडे वळणंही जमू लागलं. १९०० वर एक एसएमएस पाठवला की काम सुरू. त्यामुळे लँडलाइनलाही अशीच सोय असणार, असं सगळे गृहीत धरतात. भारतात ती नाही. एका कंपनीचा लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

याचं कारण नंबरातच दिसतं. पुण्याचा कोड ०२०, नागपूरचा ०७१२, गोव्याचा ०८३२. पुढचा शून्य सोडला तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरतात; म्हणून पुण्यात कोडानंतर आठ आकडे, नागपुरात सात. त्या नंबराचा पहिला आकडा साधारणपणे कंपनी सांगतो: २ असेल तर बीएसएनएल (मुंबईत एमटीएनएल), ४ असेल तर एअरटेल, ६ असेल तर टाटा. म्हणजे गाव कोणतं आणि कंपनी कोणती, दोन्ही नंबरात कोरलेलं. येणारा कॉल हे आकडे पाहूनच वाट धरतो. मोबाइलच्या बाबतीत ‘हा नंबर सध्या कुणाकडे आहे’ हे दाखवणारी वेगळी नोंद ठेवली जाते आणि कॉल जोडताना ती पाहिली जाते. लँडलाइनसाठी तशी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली नाही.

अमेरिकेत ती आहे. तिथल्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यानेच कंपन्यांवर ही सक्ती केली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून घरगुती ग्राहकाला ब्रॉडबँड बदलताना फक्त नव्या कंपनीशी बोलावं लागतं. जुनीशी बोलणं ती कंपनीच करते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मुलाने "नंबर नेता येतो, आम्ही नेला" असं फोनवर सांगितलं तर ते खरंच असतं, फक्त तिथलं. अर्थात तिथेही एक पथ्य आहे: जुनं कनेक्शन आपण होऊन आधी बंद करायचं नाही. बंद केलं की नंबर हातून निसटण्याची भीती.

हेच पथ्य आपल्याकडे एका ठिकाणी कामी येतं. बीएसएनएलच्या तांब्याच्या लाइनवरून बीएसएनएलच्याच फायबरवर जायचं असेल, तर नंबर तोच ठेवता येतो. कंपनी एकच, गावही एकच. मात्र अर्जात ‘नवीन कनेक्शन’ नव्हे, ‘जुना नंबर ठेवून फायबरवर बदल’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. फायबर ओढण्याचं काम बहुतेक ठिकाणी स्थानिक भागीदार करतात, अनेकदा गल्लीतला केबलवालाच. त्याला नवं कनेक्शन टाकून मोकळं होणं सोपं वाटू शकतं, आणि मग हाती नवा नंबर पडतो.

वायर ओढून झाली तरी काम संपत नाही. फायबर येतो तो ओएनटी नावाच्या छोट्या डब्यात. त्याच्या मागे इंटरनेटच्या खाचांशेजारी फोनची एक लहान खाच असते; जुना फोन तिथे लावायचा. नंबर मात्र ऑफिसातून नव्या यंत्रणेवर चढवावा लागतो. तोवर फोन गप्प. माणूस निघण्याआधी मोबाइलवरून आपल्याच लँडलाइनला कॉल लावून पाहावा. जाणारे कॉल लागतात म्हणून येणारेही लागतील असं नाही, आणि दवाखान्याला तर येणारेच महत्त्वाचे. आतल्या खोलीतला पॅरलल फोन जुन्या वायरिंगवर असेल, तर ती वायर या डब्यापर्यंत आणावी लागेल.

कंपनीच बदलायची असेल तर थोडा खर्च सोसून मधला मार्ग निघतो. जुनी लाइन सगळ्यात स्वस्त प्लॅनवर चालू ठेवायची, कॉल मोबाइलवर वळवायचे, आणि इंटरनेट हवं त्याचं घ्यायचं. दोन बिलं येतात हे खरं. पण वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं जोडलेल्या दुकानाला ते परवडतं. घरी फक्त विम्याच्या जाहिरातींचे फोन येत असतील तर कशाला हा खटाटोप? दुकानदाराला आणखी एक फायदा असा, की व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरावरही सुरू होतं. पडताळणीचा कोड एसएमएसऐवजी कॉलवर ऐकायचा. ही नोंदणी जुनी लाइन जिवंत असतानाच उरकावी.

एक गोष्ट मात्र नंबर टिकवूनही बदलते. तांब्याच्या तारेवरच्या फोनला ४८ व्होल्टचा पुरवठा एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून व्हायचा, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन वाजायचा. ओएनटी चालतो घरच्या विजेवर. घरात एकटी वृद्ध माणसं असतील किंवा भारनियमनाचं गाव असेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस सोबतच घ्यावा, आणि घेताना ओएनटीच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळतात की नाही ते पाहावं.