सारांश-तक्ते आणि संगणक

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात विद्यार्थ्यांची नोंदवही जशीच्या तशी जोडून भागत नाही. शाखा, वर्ग, मुले-मुली यांनुसार आकडे एकत्र करून सारांश-तक्ता द्यावा लागतो. पूर्वी हे काम कागदावर रेघा मारून होत असे. अमेरिकेत १९६८ साली ‘एसपीएसएस’ ही संख्याशास्त्रीय आज्ञावली निघाली. १९९३ च्या एक्सेलमध्ये ‘पिव्होट टेबल’ आले. लिबरऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय विनामूल्य मिळते.

पिव्होटसाठी मूळ यादीत एका विद्यार्थ्याची एकच ओळ आणि एका रकान्यात एकच माहिती असावी लागते. मग ‘शाखा’ ओळींत, ‘लिंग’ स्तंभांत ठेवले की मोजणी क्षणात होते. मात्र ‘बी.ए.’ आणि ‘बीए’ या संगणकाच्या लेखी दोन निरनिराळ्या शाखा आहेत! गुणांच्या रकान्यात कुठे ‘गैरहजर’ असे लिहिलेले असेल तर एक्सेल बेरजेऐवजी नुसती मोजदाद करून मोकळे होते. शेकडेवारी ओळीची की स्तंभाची, हेही आपणच ठरवायचे असते. ‘कला शाखेत ६० टक्के मुली’ आणि ‘मुलींपैकी ६० टक्के कला शाखेत’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि अहवालांत त्यांची सर्रास गल्लत होते.

याहून गंभीर धोका बेरजेत दडलेला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. एकत्रित तक्ता पाहून कोणीही पक्षपाताचाच निष्कर्ष काढील. बिकेल, हॅमेल व ओ’कॉनेल या अभ्यासकांनी विभागवार तक्ते केले, तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध पक्षपात आढळला नाही. एका मोठ्या विभागात तर पुरुषांचे प्रमाण ६२ टक्के आणि स्त्रियांचे ८२ टक्के होते. जेथे प्रवेश मिळणे मुळातच कठीण, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. हा लेख १९७५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडेही मुलामुलींच्या निकालाची एकत्रित शेकडेवारी छापण्याआधी ‘विषय’ हा रकाना ओळींत ओढून पाहावा. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. मूळ यादीत दुरुस्ती केली असल्यास ‘रिफ्रेश’ करून घ्यावे. नाहीतर तक्त्यात जुनेच आकडे राहण्याची शक्यता असते.