डिस्क-प्रतिमा फाईल आणि भिन्न कार्यप्रणाली : सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : डिस्क-प्रतिमा, आयएसओ ९६६०, कार्यप्रणाली, फाईल-रचना, युनिकोड, जतन

प्रस्तावना :

मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील कागद वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी अशाच निष्ठेने कागदपत्रे जमविली. रुमालात बांधलेले कागद कोणीतरी वेळीच सोडवून वाचले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोहोचले. आज आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वेगळ्या प्रकारचे रुमाल साठले आहेत. ते म्हणजे सीडी व डीव्हीडी होत. एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध, ग्रंथांसोबत आलेल्या तबकड्या, विद्यार्थ्यांनी क्षेत्रभेटीत ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या व भारुडे, तसेच मूल्यांकनाच्या वेळी तयार केलेले अहवाल यांतील बरेचसे साहित्य केवळ या तबकड्यांवरच आहे. दुसरीकडे, नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी वाचण्याची सोय बहुधा नसतेच.

वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर वाचता येतो. त्यामागे शासनाचे बळ होते. एखाद्या विभागाच्या कपाटातील तबकडीला असे बळ नसते. तिचे जतन त्या विभागातील प्राध्यापकांनाच करावे लागते. या जतनाचे सर्वांत सोपे साधन म्हणजे डिस्क-प्रतिमा फाईल होय. मात्र कार्यालयात विंडोज, प्रयोगशाळेत लिनक्स आणि एखाद्या सहकाऱ्याकडे मॅक अशी स्थिती असल्याने ही फाईल 'उघडत नाही' ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्या तक्रारीची कारणे व उपाय स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) डिस्क-प्रतिमा फाईलचे स्वरूप समजावून घेणे.
२) विंडोज, लिनक्स व मॅक या कार्यप्रणालींवर तिचा वापर कसा होतो हे पाहणे.
३) मराठी मजकुराच्या संदर्भात उद्भवणाऱ्या अडचणी स्पष्ट करणे.
४) महाविद्यालयांसाठी व्यवहार्य कार्यपद्धती सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, लेखकाने स्वतःच्या संग्रहातील तबकड्यांवर घेतलेल्या अनुभवाचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) डिस्क-प्रतिमा म्हणजे काय?

तबकडीवरील फाईली निवडून संगणकावर उतरविणे ही झाली नक्कल. तबकडीवरील पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंतची सर्व माहिती जशीच्या तशी, त्याच क्रमाने एका फाईलमध्ये उतरविणे म्हणजे डिस्क-प्रतिमा. फाईलींची सूची, तारखा, फोल्डरांची मांडणी आणि तबकडीवरून संगणक सुरू करण्याची व्यवस्था असे सर्व काही तीत टिकून राहते.

सीडीवरील माहिती २,०४८ बाइटांच्या खंडांत विभागलेली असते. ८० मिनिटांच्या सीडीवर असे ३,६०,००० खंड मावतात, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट. प्रत्यक्षात तबकडीवर प्रत्येक खंडासाठी २,३५२ बाइट खर्ची पडतात. उरलेले बाइट खंडाची ओळख व चूक-दुरुस्ती यांसाठी असतात. आयएसओ प्रकारच्या फाईलमध्ये केवळ २,०४८ बाइट घेतले जातात, तर बिन प्रकारच्या फाईलमध्ये सर्व २,३५२. त्यामुळे एकाच तबकडीची बिन फाईल आयएसओ फाईलपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी मोठी भरते. हा दोष नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

ध्वनी-सीडीची गोष्ट याहून निराळी आहे. तीवर फाईल-रचनाच नसते. २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात केवळ ध्वनी असतो. म्हणून ध्वनी-सीडीची आयएसओ प्रतिमा होऊ शकत नाही. तिच्यासाठी बिन व तिच्या जोडीची क्यू ही लहान मजकूर-फाईल लागते. कोणते गीत कोठून सुरू होते याची नोंद क्यू फाईलमध्ये असते. माण, खटाव, आटपाडी वा जत भागांतील लोकगीतांचे ध्वनिमुद्रण ज्या विभागांकडे ध्वनी-सीडीच्या रूपात आहे, त्यांनी ही जोडी कधीही विलग करू नये.

आ) तीन स्तर : रुमाल, मांडणी आणि लिपी

प्रतिमा-फाईल उघडत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा तीन वेगवेगळ्या अडचणींना आपण एकच नाव देत असतो. जुन्या दप्तराचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. रुमालाची गाठ सुटली पाहिजे, आतील कागदांची मांडणी कळली पाहिजे आणि कागदावरील मोडी वाचता आली पाहिजे. यांपैकी एक जरी साधले नाही तरी दप्तर मुकेच राहते.

पहिला स्तर वेष्टनाचा. आयएसओ हे सर्वमान्य व साधे वेष्टन आहे. एनआरजी हे निरो या आज्ञावलीचे, एमडीएफ-एमडीएस हे अल्कोहोल या आज्ञावलीचे, तर डीएमजी हे ॲपलचे वेष्टन होय. ती ती आज्ञावली नसेल तर गाठ सुटत नाही.

दुसरा स्तर फाईल-रचनेचा. आयएसओ ९६६० हे मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व संगणकांवर तबकडी वाचली जावी म्हणून त्याच्या प्राथमिक पातळीवर फाईलचे नाव आठ अक्षरे व विस्तार तीन अक्षरे, तेही केवळ मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा एवढ्यापुरतेच मर्यादित होते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी युनिक्स जगात रॉक रिज, तर मायक्रोसॉफ्टकडून जोलिएट या पुरवण्या आल्या. पुढे डीव्हीडीसाठी यूडीएफ ही रचना रूढ झाली. विंडोज जोलिएट वाचते, रॉक रिज वाचत नाही. लिनक्स व मॅक दोन्ही वाचतात. म्हणूनच लिनक्सवर केवळ रॉक रिज वापरून केलेल्या तबकडीवरील लांब नावे विंडोजवर तोकडी होऊन दिसतात.

तिसरा स्तर लिपीचा, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

इ) तीन कार्यप्रणालींवरील व्यवहार

विंडोज : विंडोज एक्सपीमध्ये आयएसओ फाईल जोडण्याची अंगभूत सोय नव्हती. त्यासाठी वेगळी आज्ञावली घ्यावी लागे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये आयएसओवरून तबकडी लिहिण्याची, तर २०१२ च्या विंडोज ८ पासून फाईलवर दोनदा क्लिक करून ती आभासी तबकडी म्हणून जोडण्याची सोय झाली. बिन, एनआरजी व डीएमजी यांना मात्र ही सोय लागू नाही.

लिनक्स : येथे 'माउंट' या आज्ञेने आयएसओ फाईल एखाद्या फोल्डरला जोडता येते. बहुतेक नव्या वितरणांत ते माउसनेही होते. बिन व एनआरजी यांचे आयएसओमध्ये रूपांतर करणारी लहान, मोफत साधनेही उपलब्ध आहेत.

मॅक : आयएसओ व डीएमजी या दोन्ही फाईली थेट उघडतात. डीएमजीचे साध्या प्रतिमेत रूपांतर करण्याची सोयही प्रणालीतच आहे. परंतु येथे एक फसगत होते. रूपांतराने केवळ वेष्टन बदलते. आतील रचना ॲपलची एचएफएस प्लस किंवा २०१७ पासूनची एपीएफएस असेल, तर फाईलचा विस्तार आयएसओ झाला तरी विंडोजला ती वाचता येत नाही. म्हणजे रुमाल बदलला, मांडणी तीच राहिली. अशा वेळी मॅकवर फाईली बाहेर काढून त्यांची जोलिएट वा यूडीएफ रचनेची नवी प्रतिमा करणे हाच मार्ग उरतो.

पेनड्राइव्हसंबंधीच्या दोन गोष्टी येथे नोंदविणे अगत्याचे आहे. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. एकपदरी डीव्हीडी सुमारे ४.७ अब्ज बाइटांची असल्याने तिची भरलेली प्रतिमा अशा पेनड्राइव्हवर, जागा शिल्लक असूनही, उतरत नाही. एक्सफॅट पद्धत वापरल्यास ही अडचण दूर होते. दुसरे असे की, सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही भारतीय कार्यप्रणाली किंवा उबंटू आयएसओ फाईलच्या रूपात मिळते. ती फाईल पेनड्राइव्हवर नुसती उतरविल्याने संगणक तीवरून सुरू होत नाही. प्रतिमा-लेखन करणाऱ्या साधनाने ती खंडशः लिहावी लागते.

ई) मराठी मजकुराचा प्रश्न

जोलिएट रचनेत नावासाठी ६४ संकेतांची मर्यादा आहे. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी व हलन्त यांची स्वतंत्र गणना होते. 'विद्यार्थी' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, परंतु संकेत दहा भरतात. त्यामुळे प्रबंधाचे पूर्ण शीर्षक फाईलला देण्याची आपली सवय येथे अंगलट येते आणि नाव मध्येच तुटते.

याहून गंभीर प्रश्न फॉन्टचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले बहुतेक मराठी टंकलेखन विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होते. केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २००५ पासून भारतीय भाषांसाठी मोफत फॉन्ट व आज्ञावलींच्या सीडी वितरित केल्या, त्यांत मराठीचाही समावेश होता. तरीही टंकलेखकांकडील जुने फॉन्ट दीर्घकाळ प्रचारात राहिले.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव येथे नमूद करावासा वाटतो. एम.फिल.च्या लघुप्रबंधाची सीडी काही वर्षांनी लिनक्स संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग उमटली. प्रबंध गेला अशीच प्रथम समजूत झाली. परंतु टंकलेखकाने त्याच सीडीवर एका कोपऱ्यातील फोल्डरमध्ये वापरलेला फॉन्ट ठेवला होता. तो बसविताच मजकूर वाचता आला. केवळ प्रबंधाची फाईल उतरवून सीडी टाकून दिली असती, तर तो फॉन्ट पुन्हा मिळविणे कठीण झाले असते. संपूर्ण प्रतिमा का घ्यावी याचे याहून बोलके उत्तर लेखकापाशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच बंद केली. त्यामुळे या लघुप्रबंधांची संख्या आता वाढणार नाही. जे आहेत ते टिकविणे एवढेच आपल्या हाती आहे.

उ) जतन आणि पडताळणी

लिहिता येणाऱ्या सीडीतील रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे खराब होतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यातील पावसाळी हवा त्यास प्रतिकूल आहे. सांगलीचा प्रश्न वेगळा आहे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुराने शहराला वेढले. तळमजल्यावरील कपाट आणि त्यातील तबकडी यांचे भवितव्य अशा वेळी एकच असते.

ओरखडे पडलेल्या तबकडीसाठी लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन उपयुक्त आहे. ते प्रथम वाचता येणारा भाग उतरवून घेते, न वाचलेल्या जागांची नोंद ठेवते आणि नंतर त्या जागांकडे पुन्हा वळते. प्रतिमा घेतल्यावर तिची एसएचए-२५६ पद्धतीची पडताळणी-संख्या काढून ठेवावी. फाईलमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी ही संख्या बदलते. तिन्ही कार्यप्रणालींवर ती काढता येते व एकच येते. म्हणून साताऱ्याहून सांगलीस पाठविलेली प्रत मूळ प्रतीशी तंतोतंत जुळते किंवा नाही, हे तबकडी न पाहताही सांगता येते.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक आज्ञावलीच्या वैध धारकास हानीपासून संरक्षणार्थ राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ मात्र हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदण्यास मनाई करते. प्रतिमा घेणे म्हणजे वाटपाचा परवाना नव्हे.

निष्कर्ष :

१) प्रतिमा-फाईलची अडचण वेष्टन, फाईल-रचना व लिपी यांपैकी नेमक्या कोणत्या स्तरावर आहे हे ओळखल्यास उपाय सापडतो.
२) माहिती-तबकडीसाठी आयएसओ, तर ध्वनी-तबकडीसाठी बिन व क्यू ही जोडी सर्वाधिक सोयीची ठरते.
३) विस्तार बदलल्याने आतील रचना बदलत नाही.
४) जुन्या मराठी मजकुरासाठी फॉन्टसह संपूर्ण प्रतिमा घेणे अनिवार्य आहे.

सूचना :

१) प्रत्येक विभागाने तबकड्यांची यादी करून प्रथम स्वनिर्मित, अन्यत्र न मिळणाऱ्या साहित्याची प्रतिमा घ्यावी.
२) फाईलचे नाव लहान व रोमन लिपीत ठेवावे. पूर्ण मराठी शीर्षक, पडताळणी-संख्या व वापरलेला फॉन्ट यांची नोंद सोबतच्या युनिकोड मजकूर-फाईलमध्ये करावी.
३) प्रतिमा जशीच्या तशी राखून, वापरासाठी मजकुराची युनिकोड प्रत स्वतंत्रपणे करावी.
४) सातारा व सांगली येथील महाविद्यालयांनी परस्परांच्या प्रतिमांची एकेक प्रत सांभाळावी. कृष्णेचे पाणी सांगलीत चढले तरी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ठेवलेली प्रत सुरक्षित राहील. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर दोन ग्रंथपालांमधील विश्वासाची व वर्षातून एकदा पडताळणी करण्याच्या शिस्तीची गरज आहे.

खरेशास्त्रींसमोर मोडीचे कागद होते, आपल्यासमोर तबकड्या आहेत. कागद शतकभर वाट पाहू शकला. तबकडी तेवढी वाट पाहणार नाही.