टुरिस्ट गाडी घेताय? आधी गाडीतल्या ‘डब्या’चा नियम समजून घ्या



आमचं दुकान जोतिबा डोंगरावर. समोरून रोज टुरिस्ट गाड्या जातात. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा ही एका दिवसाची फेरी तर ठरलेलीच. त्यामुळे “सर, ट्रॅव्हलर घेऊ का?” हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारा हप्ता विचारतो, डिझेल विचारतो, सीट किती ते विचारतो. पण गाडीत बसवलेल्या ट्रॅकिंग यंत्राचा नियम काय, हे कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याची किंमत मोजली.

माझी चूक

२०२१ मध्ये मी आणि माझ्या मावसभावाने भागीत नवीन गाडी घेतली. पिवळी प्लेट, सगळी कागदपत्रं ओके. दोन वर्षांनी, २०२३ च्या चैत्र यात्रेच्या तोंडावर पासिंग आलं. तिथं कळलं की यंत्र बंद आहे. आतल्या सिमची मुदत संपलेली, आणि मधे बिघाड झाला तेव्हा एका मेकॅनिकने स्वस्तातला दुसरा जीपीएस बसवून दिलेला. मोबाईलवर गाडी दिसत होती, म्हणून आम्ही खूश. पण ते मान्यताप्राप्त यंत्रच नव्हतं. पासिंग अडकलं आणि वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम असताना गाडी नऊ दिवस दारात उभी राहिली. हप्ता मात्र थांबला नाही.

मेकॅनिकला दोष देऊन काय उपयोग? नियम मला माहीत असायला हवा होता.

नियम नेमका काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ‘१२५ एच’ नावाचा नियम आहे. तो २०१६ मध्ये आला. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना, म्हणजे टॅक्सी, मॅक्सीकॅब, बस यांना दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या: गाडी कुठं आहे ते सांगणारं यंत्र आणि प्रवाशांसाठी पॅनिक बटण. रिक्षा आणि ई-रिक्षा यातून वगळल्या. त्याआधीच्या जुन्या गाड्यांना कधीपासून, हे ठरवायचं काम राज्यांकडे दिलं. म्हणून जुनी गाडी घेत असाल तर आरटीओत जाऊन आधी विचारा.

यंत्र कसं असावं हे ‘एआयएस-१४०’ या मानकात लिहिलंय. वाहनांची ही मानकं आपल्या पुण्यातली एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

- यंत्रात स्वतःचं सिम असतं. गाडीची जागा आणि वेग ते कंट्रोल सेंटरला कळवत राहतं.
- पॅनिक बटण दाबलं की तिथं लगेच इशारा जातो.
- रेंज गेली तरी नोंदी यंत्रात साठतात आणि रेंज आल्यावर पुढे जातात. यात्रेच्या गर्दीत मोबाईल लागत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. तेव्हा हे महत्त्वाचं.
- गाडीची बॅटरी काढली तरी आतल्या बॅटरीवर ते काही तास चालतं.

आता लक्षात आलं ना? मोबाईलवर ठिपका दिसणं वेगळं आणि नियमातलं यंत्र वेगळं. पासिंगच्या वेळी यंत्र आहे का आणि चालू आहे का, दोन्ही बघतात. नवीन गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग असतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे हा खर्च एकदाच करून सुटत नाही.

मग बिनड्रायव्हरची गाडी?

हाही प्रश्न येतो: “सर, पुढे ड्रायव्हरच लागणार नाही, मग आत्ता गाडी घेऊन धंदा बुडणार नाही ना?” डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात नितीन गडकरींनी स्पष्ट सांगितलं होतं की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ‘२ बी’ आलं. त्यानुसार संशोधनासाठी काही वाहनांना केंद्र सरकार अटींवर सूट देऊ शकतं. म्हणजे प्रयोगाला वाट ठेवलीय, धंद्याला नाही.

बाहेर काय चाललंय? ब्रिटनने २०२४ मध्ये वेगळा कायदाच केला. मान्यता मिळालेली गाडी स्वतः चालत असताना चूक झाली, तर जबाबदारी सीटवरच्या माणसाची नाही, त्या गाडीमागच्या कंपनीची. आपल्याकडे तसं नाही. गाडीने आपोआप ब्रेक मारला तरी स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस लागतो आणि जबाबदारी त्याचीच.

पण अर्धी वाट आपणही चालतोय. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. चालक सोडून आठपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्या आणि मोठे ट्रक यांच्यासाठी तीन गोष्टी त्यात सुचवल्या: धोका दिसताच आपोआप ब्रेक, चालक पेंगला तर इशारा आणि लेन सुटली तर इशारा. आपली ट्रॅव्हलर यातच बसते. त्यामुळे नवीन गाडी बुक करायच्या दिवशी अंतिम नियम काय आहे ते तपासा. अशा गाडीची किंमत, काच किंवा सेन्सर फुटला तर होणारा खर्च, सगळं बजेटमध्ये धरा.

गाडी घेण्याआधी चार प्रश्न

१. यंत्र एआयएस-१४० मान्यताप्राप्त आहे का? प्रमाणपत्राची प्रत मागा.
२. यंत्राचा नंबर आणि आपल्या गाडीचा नंबर ‘वाहन’ पोर्टलवर जोडलाय का?
३. सिमची मुदत कधी संपते, रिचार्ज कोण करणार आणि किती लागतील?
४. बिघाड झाला तर कोल्हापुरात दुरुस्ती कोण करणार?

उत्तरं तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या.

आता साधा हिशोब. समजा हंगामात एका दिवसाचे, खर्च वजा जाता, ३,००० रुपये सुटतात. नऊ दिवस गाडी उभी म्हणजे २७,००० गेले. त्यापुढे सिमचा रिचार्ज किती, ते तुम्हीच विचारून बघा.

आणि यंत्राकडे फक्त डोक्याला ताप म्हणून बघू नका. त्यातल्या नोंदीवरून ड्रायव्हर घाटात कसा चालवतो ते कळतं, गिऱ्हाईकाशी किलोमीटरवरून वाद झाला तर पुरावा मिळतो. एकट्या बायका, म्हातारी माणसं दर्शनाला येतात. “ताई, हे बटण आहे, गरज पडली तर दाबा,” एवढं ड्रायव्हरने निघताना सांगितलं तरी विश्वास बसतो. मात्र प्रवाशांची माहिती जपून ठेवा, त्यासाठीही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे.

आजचा गृहपाठ: गाडी असेल तर यंत्राचं प्रमाणपत्र आणि सिमची तारीख शोधा, आणि ती तारीख पासिंगच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहा. गाडी घ्यायची असेल तर हप्त्याच्या आकड्याखाली यंत्राचा खर्च लिहा आणि मगच सही करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जोतिबाच्या नावानं चांगभलं!