सहवास आणि स्नेह

राजगडाच्या पायथ्याशीं पाली नांवाचें गांव आहे. गडाच्या पाली दरवाजाकडे चढणारी वाट त्याच बाजूची. त्या मुलखांत मी शाळामास्तर होतों. मुलांना हजेरीपटाच्या क्रमानें बसविण्याची माझी रीत होती. दिवाळीच्या सुमारास पाहावें, तों शेजारीं बसलेल्या मुलांचीच गट्टी जमलेली असे. 'तुझा मित्र कोण?' असें विचारलें, तर उत्तर बहुधा हातभर अंतरावर सांपडे. मुलांना मात्र वाटे कीं, मित्र आपण आपल्या मनानें निवडला!

हाच प्रकार शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिला आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत विवाहित विद्यार्थ्यांची एक वसाहत होती. तेथील मैत्रीसंबंधांचा फेस्टिंजर व त्याचे दोन सहकारी यांनीं केलेला अभ्यास १९५० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. कोणाला कोणतें घर मिळावें हें रहिवाशांच्या हातीं नव्हतें. तरीहि मैत्री सर्वांत अधिक जुळली ती लागूनच्या दारीं. आणि जिन्यापाशीं राहणाऱ्या खालच्या कुटुंबांना वरच्या मजल्यावरचे स्नेही अधिक लाभले. पुढें १९६८ सालीं झायन्स या मानसशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, अनोळखी शब्द किंवा चेहरे नुसते वारंवार दृष्टीस पडले, तरी ते अधिक आवडूं लागतात.

परंतु येथें जरा थांबावें. बांधाला बांध लागून असलेले भाऊबंदच कोर्टाची पायरी चढतात. दूरच्या गांवाशीं भांडायला कोण जातो? १९७६ सालीं एब्सेन व त्याच्या सहकाऱ्यांनाहि हेंच आढळलें: मित्रांप्रमाणें नावडतीं माणसेंहि जवळपासच राहणारीं असतात. तेव्हां नुसत्या जवळिकीनें काम भागत नाहीं.

मग आणखी काय लागतें? मला रमाबाई रानडे आठवतात. १८७३ सालीं लग्न झालें तेव्हां त्या अकरा वर्षांच्या, आणि माधवराव बत्तिसाव्या वर्षांत. एवढ्या लहान मुलीशीं विवाह त्यांना नको होता. वडिलांच्या आग्रहापुढें ते नमले. परस्परांच्या ओढीला तेथें जागाच नव्हती. परंतु माधवरावांनीं पत्नीला अक्षरओळखीपासून शिकविण्यास आरंभ केला, पुढें इंग्रजीहि शिकविलें, आणि घरांतल्या बायकांचे टोमणे सोशीत ती शिकली. एकाच्या संगतीनें दुसऱ्याचें मन विस्तारत जातें तेथें ओढ टिकते, असें ॲरन दांपत्यानें १९८६ सालीं मांडलें. रमाबाईंच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचतांना तेंच डोळ्यांपुढें उभें राहतें.

तरी एक गोष्ट मनाला टोंचते. सोडून जाण्याची मुभाच जिला नव्हती, तिच्या प्रेमांत भक्ति किती आणि निरुपाय किती, हें कोणत्या मापानें मोजावें? त्या संसाराचा दाखला देऊन मुलीला न विचारतां लग्न ठरविणाऱ्या बापांशीं माझें कधीं पटलें नाहीं.

माझी तरी कथा काय? पोह्यांची बशी मध्यें ठेवून मी हिला एकदांच पाहिलें, आणि होकार कळविला. हिनें मला पसंत केलें होतें का, हें विचारावयाचें सुचलें तें निवृत्तीनंतर. 'आतां विचारतां होय?' असें म्हणून ती चहा ठेवायला उठली.