दुरून शिकवणे आणि समोर बसून शिकवणे

करोनामुळे मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा 7 एप्रिल रोजी छत्तीसगढ शासनाने रायपूरहून 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', ही ऑनलाइन योजना सुरू केली. धडे घरोघर पोहोचले. अर्थात जेथे स्मार्टफोन होता, तेथेच. पुढे उघड्यावरचे मोहल्ला-वर्ग, ध्वनिक्षेपकावरील पाठ आणि ब्लूटूथवरून धडे देणारे 'बुल्टू के बोल' आले. मोहल्ला-वर्ग ही पडद्याच्या उणिवेची कबुलीच म्हणावी लागेल. उच्चार दुरूनही शिकविता येतो. परंतु वजाबाकीत हातचा विसरलेले मूल पडद्यावर केवळ चुकीचे उत्तर दाखविते. शेजारी बसलेला शिक्षक त्याची पेन्सिल कोठे अडखळली, हे पाहतो आणि नेमक्या त्याच आकड्यावर बोट ठेवतो.