कुकडीच्या काठचं जुन्नर

जुन्नर कसं वसलं हे पाहायचं तर सुरुवात गावातून करू नये, नाणेघाटाच्या माथ्यावरून करावी. इथे सह्याद्रीची कड एकदम तुटते. पश्चिमेला खोल खाली कोकण, वैशाखरे, मुरबाड आणि त्यापलीकडे कल्याण. पूर्वेला मात्र जमीन सावकाश उतरते आणि त्या उतारावर कुकडी वाहू लागते. पूर गावाच्या कुकडेश्वरापाशी उगम पावून ती पुढे घोडला मिळते, घोड भीमेला. अरबी समुद्र इतका जवळ, तरी हे पाणी जातं बंगालच्या उपसागराला!

या मुलखात नदीच्या खोऱ्याला पूर्वापार 'नेर' म्हणतात. कुकडीचं ते कुकडनेर, मीनेचं मीननेर. माथ्यावर पाऊस अक्षरशः कोसळतो, म्हणून वरच्या गावांत भाताची खाचरं. पण ढग डोंगर चढतानाच रिते होतात. पूर्वेकडे चार-सहा कोस गेलं की पाऊस झपाट्याने ओसरतो आणि बाजरी-ज्वारीचा मुलूख लागतो. जुन्नर या दोन मुलखांच्या सांध्यावर आहे. भात पिकवणारा आणि ज्वारी पिकवणारा, दोघांनाही बाजाराला हेच सोयीचं. शिवाय घाट चढून थकलेल्या बैलांना रुंद, सपाट, बारमाही पाण्याची जागा इथेच मिळे. माझ्या मते गाव इथे वसायला एवढी कारणं पुरेशी होती.

तिसरं कारण दगडात आहे. इथले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले. एक थर कठीण आणि एकसंध, त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, कठीण थराचा कडा उभा राहतो आणि पावसाचं मुरलेलं पाणी दोन थरांच्या सांध्यातून पाझरतं. लेणी खोदणाऱ्यांना कडा हवा होता आणि पाणीही. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी झाली ती यामुळे. लेण्यांशेजारच्या टाक्यांना जुन्या शिलालेखांत 'पोढी' म्हटलं आहे.

या लेण्यांचा खर्च कुणी केला, ते त्यांच्या भिंतींवरच कोरलेलं आहे. दात्यांमध्ये राजे थोडे, कारागीर आणि व्यापारी फार. काशाची भांडी घडवणारे, बांबूचं काम करणारे आणि धान्याचे व्यापारी आपापल्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, बांधून होते. काही दाते स्वतःला यवन, म्हणजे पश्चिमेकडचे परदेशी, म्हणवतात. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या, मुलाने दिलं आहे. घाटाखालच्या बंदराचा पैसा घाटावरच्या डोंगरात कसा आला, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच सापडतो.

त्या पैशाची वाट नाणेघाटातून येई. घाटाच्या तोंडाशी लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनी केली आहे आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्याची गणना होते. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं परंपरा सांगते.

पुढची शतकं भरभर सांगतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून घोडा घेऊन इथे आला आणि पावसाळाभर अडकून पडला. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभारली ती जुन्नरातून. 1630 मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. राज्यं बदलली, पण घाट आणि नदी यांच्यामधली ही जागा कुणालाच सोडता आली नाही.

माणूस मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधी आला होता. खाली बोरी गावापाशी कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीला अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत.

आपल्याकडे शेताच्या मातीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या मातीला पांढरी. घरं पडतात, त्यांच्या मातीवर नवी उभी राहतात, पांढरी वाढत जाते. जुन्नरच्या पांढरीत सातवाहनकालीन वस्तीचे थर आहेत आणि त्यांवर आजही लोक राहतात. म्हणून जुन्नरकरांना एक विनंती: पाया खोदताना जुनं खापर, वीट, नाणं लागलं तर ते उकिरड्यावर टाकू नका. जागेवरच ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.